पद तेच, गळा दुसरा

मराठी संगीत नाटक मंडळ्यांच्या इतिहासात एक पेच दर पिढीला नव्याने पडत आला. ज्या नटाच्या गळ्यासाठी रसिक खिसा रिकामा करत, तो नट गेला किंवा फुटून निघाला. मंडळी मात्र तीच नांदी, तेच पडदे आणि तेच नाटक घेऊन पुन्हा गावात उतरली. अशा वेळी जुन्या भक्ताने तिकीट काढायचे की घरी बसायचे? बहुतेकांनी तिकीट काढले आणि मग रात्रभर कुरकुर केली. मराठी संगीत रंगभूमीच्या कहाणीत या कुरकुरीचा वाटा मोठा आहे.

या कुरकुरीला कारण होते. मंडळी फिरती असे. एका गावात काही आठवडे मुक्काम, मग सामान बांधून पुढचे गाव, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तोच फेरा. नाटके मोजकी असत आणि त्यांतली पदे ढीगभर. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे होती, ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. वन्समोर मिळाला की पद पुन्हा व्हायचे आणि रात्र आणखी लांबायची. एकच नाटक पुनःपुन्हा पाहिलेल्या रसिकाला कथेत काय होणार याची उत्सुकता उरलेली नसे. सुभद्रेचे लग्न कोणाशी लागणार हे त्याला ठाऊकच होते. तो जागा धरून बसे तो एखाद्या पदातली ठरावीक हरकत आज कशी येते ते ऐकायला. साहजिकच गळा बदलला की त्याच्या लेखी नाटकच बदलले.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला. नाटकाचे पहिले चारच अंक त्या रात्री झाले. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला होते. 1882 मध्ये बडोद्याचा लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर मंडळीत आला आणि शकुंतला त्याच्याकडे गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले तेव्हा सुभद्राही तोच झाला. चढा, धारदार, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आणि देखणे रूप यांच्या जोरावर भाऊराव सर्वांचा लाडका ‘भावड्या’ झाला. मुजुमदारांची शकुंतला बघता बघता विसरली गेली. किर्लोस्कर मंडळीच्या भक्तांनी पुढे ज्याला ‘मूळचे’ म्हणून कवटाळले, तो स्वतःच बदललेला नट होता. याची आठवण त्यांच्यापैकी फार थोड्यांना राहिली.

अण्णासाहेब 1885 मध्ये वारले. मंडळी बुडाली नाही. गोविंद बल्लाळ देवलांची तालीम आणि नाटके होती, आणि मुख्य म्हणजे भाऊराव होता. नाटककार गेला तरी गळा शाबूत असल्यामुळे लोकांचे मन फारसे हलले नाही. उत्तरार्धात भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळला आणि तेही त्यांनी चालवून घेतले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांतून पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आल्या, तेव्हा जुन्या कीर्तनी आणि लावणीच्या वळणाला सरावलेल्या कानांनी नाके मुरडली. तरी गाणारा भाऊराव असल्याने तेही पचले. 13 फेब्रुवारी 1901 रोजी भाऊराव गेला. वय चाळिशीच्या आतले. आता मात्र भक्तांना आपली मंडळी पोरकी वाटू लागली.

या शोकात एक वेगळेपण होते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करून तबकड्या विकण्याचा व्यवसाय 1902 मध्ये सुरू झाला. त्यामुळे भाऊरावचा आवाज कुठेच उरला नाही. ज्यांनी ऐकला त्यांच्या सांगण्यातच तो राहिला, आणि सांगण्यात आवाज वर्षागणिक वाढतच जातो. त्याच्यानंतर शकुंतला किंवा सुभद्रा करणाऱ्या कोणाही नटाला या न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे लागे. पुरावा मागायची सोय नव्हती.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यांना पाठिंबा होता. मिरजेला ते शकुंतला म्हणून उभे राहिले. आवाजाची जात भाऊरावहून अगदी निराळी: गोड, लयीशी खेळणारी, शब्दाला हळुवार झेलणारी. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यामागे होती. ज्यांच्या कानात भाऊरावची फेक होती त्यांना हा गळा सुरुवातीला नाजूक वाटला असेल तर नवल नाही. पण तरुण प्रेक्षकाला तुलनेची गरजच नव्हती. 12 मार्च 1911 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, तरीही त्यांनी प्रयोग केला. ‘मानापमान’नंतर भाऊरावचे नाव निघाले तर ते वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच.

1913 मध्ये दुसरा धक्का बसला. बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि जुलैत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीची मालकी शंकरराव मुजुमदारांकडे राहिली. हे तेच मुजुमदार, ज्यांची शकुंतला एकतीस वर्षांपूर्वी भाऊरावकडे गेली होती. रसिकापुढे आता चमत्कारिक निवड होती. किर्लोस्करांचे नाव एका तंबूत आणि आवडता गळा दुसऱ्या तंबूत. लोक गळ्यामागे गेले. रसिकांची निष्ठा पाटीशी होती की नटाशी, याचा याहून स्वच्छ निकाल मराठी रंगभूमीवर पुन्हा लागलेला नाही. टेंबेही पुढे गंधर्व मंडळीतून बाजूला झाले आणि ‘स्वयंवरा’च्या (1916) चाली भास्करबुवांच्या आल्या. त्या वेळी मात्र भक्तांनी फारसा कल्लोळ केला नाही, कारण पडद्यापुढचा आवाज तोच होता.

रिकाम्या झालेल्या किर्लोस्कर मंडळीत गोव्याच्या मंगेशीचा पोरगेला दीनानाथ मंगेशकर आला. त्याची गायकी बालगंधर्वांच्या पूर्ण उलट टोकाची होती. झपाट्याच्या, अनपेक्षित वळणाच्या ताना, पंजाबी ढंग आणि तेजी. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. ‘मानापमाना’तला धैर्यधर दीनानाथांनी आपल्या तब्येतीने गायला. गंधर्वभक्तांना तो धसमुसळा वाटे, दीनानाथांच्या चाहत्यांना दुसरीकडचे गाणे मिळमिळीत वाटे. धैर्यधराची काही पदे आज गाणारे गायक दीनानाथांचाच ढंग उचलतात.

नटाच्या मृत्यूनंतर मंडळी कशी उभी राहते याचा सर्वांत जिवंत नमुना ललितकलादर्शचा आहे. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी ती 1908 मध्ये हुबळीला काढली. लहानपणी ‘शारदा’ करून त्यांनी नाव मिळवले होते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांचे भक्त एका छपराखाली बसले, प्रत्येक जण आपल्याच देवाला वन्समोर मागायला आलेला. तीन महिनेही झाले नव्हते, तोच 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस.

बापूराव पेंढारकरांनी मंडळी हाती घेतली. त्यांचे शहाणपण एका गोष्टीत दिसते. केशवरावांच्या गाजलेल्या नाटकांवरच मंडळी तोलून न धरता त्यांनी नवी नाटके घेतली. 1922 मध्ये मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आले, पुढच्या वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’. रामकृष्णबुवा वझ्यांच्या चाली, आजच्या घरांतली माणसे, आजचे प्रश्न. जिथे केशवरावांची आठवण पोचलेलीच नाही अशा जागी रसिकाला नेऊन बसवले की तुलना आपोआप सैल पडते.  बापूराव 1937 मध्ये वारले. त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी पुढे ललितकलादर्श पुन्हा उभी केली आणि ‘दुरितांचे तिमिर जावो’ (1957), ‘पंडितराज जगन्नाथ’ (1960), ‘जय जय गौरीशंकर’ (1966) अशी नाटके दिली. नाव तेच, पण केशवरावांच्या काळातला एकही गळा त्यात नव्हता आणि त्यावर कोणाची तक्रारही नव्हती.

गंधर्व मंडळीचे उत्तरायुष्य मात्र कडू झाले. बोलपटांनी थिएटरे रिकामी केली. कर्जे होतीच. बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, मग पुन्हा रंगभूमीकडे वळले. या पर्वात गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांनी बालगंधर्वांची गायकी इतकी बारकाईने उचललेली होती की ऐकणारा फसावा. त्या नायिका करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुषभूमिका. ज्या भक्तांच्या बायकांनी बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, गजरा माळणे डोळ्यांत भरून घेऊन घरी केले होते, त्यांना रंगमंचावर खरी स्त्री आलेली पाहून कळेना की आपण काय गमावले. वास्तविक बाईची भूमिका बाईने करणे यात खटकण्यासारखे काही नव्हते. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीने ते आधीच करून दाखवले होते, आणि 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळेही उभ्या राहिल्या होत्या. पण गंधर्वभक्ताला नायिका हवी होती ती बालगंधर्वच. मंडळीच्या ऱ्हासाचा सगळा दोष गोहरबाईंच्या माथी मारला गेला. तो बराचसा अन्यायाचा होता. कर्जाचा डोंगर आणि सिनेमाची स्पर्धा त्यांच्या येण्याआधीपासून होती.

या काळात रसिकाच्या हाती एक नवे हत्यार आले होते, ते म्हणजे तबकडी. बालगंधर्वांचे गाणे विपुल मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर तेच पद ते रोज वेगळे गात आणि वन्समोरात आणखी वेगळे. पुढच्या पिढीने ऐकली ती तीन मिनिटांची एक आवृत्ती, आणि तीच प्रमाण ठरली. भाऊरावचे भक्त स्मरणाच्या बळावर भांडत, गंधर्वभक्त आता फोनोची चावी फिरवून समोरच्याला गप्प करू लागले. नव्या गायकाने एखादी जागा वेगळी घेतली की ‘चुकली’ असा निकाल लगेच लागे. बालगंधर्वांनी स्वतः ती जागा शेकडो प्रयोगांत निरनिराळी घेतली असेल, हे त्या निकालात कोणी धरत नसे.

स्वातंत्र्यानंतर संगीत नाटक तीन तासांवर आले, पदे मोजकी उरली, फिरत्या मंडळ्यांच्या जागी संस्था आल्या. ‘मत्स्यगंधा’ (1964) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) यांतून जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला नवे वळण दिले. ‘कट्यार’ वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबाशी इतके जडले की 1983 मध्ये ते वारल्यावर ते नाटक दुसऱ्याचे होऊ शकेल असे कोणाला वाटेना. 2010 च्या सुमारास त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत आले. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते. मग 2015 मध्ये भाव्यांनीच चित्रपट केला. त्यात खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांड्यांचा, आणि काही गाणी शंकर-एहसान-लॉय यांची नवी. वसंतरावांना समोर बसून ऐकलेल्यांनी नाटकाला जाऊन मान हलवली आणि चित्रपट पाहून कपाळाला हात लावला. त्यांच्या नातवंडांनी ‘कट्यार’ पहिल्यांदा ऐकली ती याच चित्रपटातून.

2025 च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला तेव्हा रिपन थिएटरातल्या त्या रात्रीला जवळपास 114 वर्षे झाली होती. नव्या चाली आणि जुनी पदे यांवरचा वाद तेव्हाही झाला. फरक इतकाच की वाद घालणाऱ्यांपैकी कोणीही बालगंधर्वांची भामिनी पाहिलेली नव्हती.