ॲमेझॉन नदी व बॅले-संगीत

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदी, तिच्या खोऱ्यातील वर्षावन व तेथील पशुपक्षी यांवर आधारलेले बॅले-संगीत मुख्यत्वे विसाव्या शतकात ब्राझीलमध्ये निर्माण झाले. तत्पूर्वी या प्रदेशात पाश्चात्त्य रंगभूमी आली, ती रबराच्या व्यापारातून मिळालेल्या संपत्तीमुळे. मानाउस येथे ३१ डिसेंबर १८९६ रोजी उघडलेले ‘तेआत्रो आमाझोनास’ हे नाट्यगृह त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र अरण्याच्या मध्यभागी उभारलेल्या या वास्तूत प्रयोग होत, ते यूरोपीय धाटणीच्या ऑपेरांचे. भोवतालची नदी रंगमंचावर येण्यास आणखी काही दशके जावी लागली.

या परंपरेचा प्रमुख प्रवर्तक म्हणजे ब्राझीलचा संगीतरचनाकार एइतोर व्हीला-लोबोस (५ मार्च १८८७–१७ नोव्हेंबर १९५९). ‘आमाझोनास’ व ‘उइरापुरू’ ही त्याची दोन संगीतकाव्ये बॅलेसाठीही योजलेली आहेत. ‘आमाझोनास’मध्ये नदीत स्नान करणाऱ्या आदिवासी कन्येवर वायुदेव मोहित होतो. तिने उपेक्षा केल्यामुळे क्रुद्ध होऊन तो तिचा गंध हिंस्र राक्षसांच्या प्रदेशात पोहोचवितो आणि एक अक्राळविक्राळ प्राणी अरण्य तुडवीत तिच्याकडे येऊ लागतो, असे कथाबीज आहे. ‘उइरापुरू’ हे मधुर गाणाऱ्या एका वनपक्ष्याचे नाव. हा पक्षी म्हणजे प्रेमाचा राजा, अशी लोकसमजूत आहे. बॅलेत एक तरुणी या पक्ष्यास बाण मारते, तेव्हा त्याचे सुंदर युवकात रूपांतर होते. पुढे एक कुरूप मत्सरी पुरुष त्या युवकाचा वध करतो आणि मृत युवक पुन्हा पक्षी होऊन अरण्यात अदृश्य होतो.

या कृतींत व्हीला-लोबोसने मोठ्या वाद्यवृंदास ब्राझीलमधील तालवाद्यांची जोड दिली. ‘उइरापुरू’मध्ये सोप्रानो सॅक्सोफोन आणि कर्णा जोडलेले व्हायोलिन यांचाही उपयोग आहे. पक्ष्याचे गीत, कीटकांची किरकिर, पाण्याचा ओघ व श्वापदांची चाहूल यांचा आभास स्वररंगातूनच निर्माण केलेला आढळतो. मंद स्वरांच्या दाट पडद्यावर मध्येच चमकून जाणारी बासरीची लकेर हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या दोन्ही कृतींच्या कालनिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रचनाकाराने दोहोंवर १९१७ हे वर्ष नोंदविले आहे. तथापि ‘आमाझोनास’ प्रथम सादर झाली ती १९२९ मध्ये पॅरिस येथे, तर ‘उइरापुरू’चा पहिला प्रयोग २५ मे १९३५ रोजी ब्वेनस एअरीझच्या ‘तेआत्रो कोलोन’मध्ये झाला. शिवाय दोहोंचा उगम ‘मिरेमिस’ व ‘तेदिओ दे आल्व्होरादा’ या त्याच्याच पूर्वीच्या, शीर्षकात अरण्याचा उल्लेखही नसलेल्या कृतींत सापडतो. व्हीला-लोबोस १९२३ मध्ये प्रथम पॅरिसला गेला. तेथील रसिकांना दूरदेशींच्या आदिम जीवनाचे विलक्षण आकर्षण होते आणि स्ट्राव्हिन्स्कीचे संगीत तेथे गाजत होते. त्यामुळे या कृतींतील अरण्य प्रत्यक्ष अनुभवातून किती आणि पॅरिसच्या अपेक्षेतून किती साकारले, हा प्रश्न केवळ तारखांपुरता राहत नाही. ब्राझीलच्या राष्ट्रीय संगीताच्या अस्सलपणाशीच तो निगडित आहे. आपल्या अरण्यप्रवासाच्या ज्या अद्‌भुत हकिकती व्हीला-लोबोस सांगत असे, त्याही अभ्यासकांनी पूर्णतः ग्राह्य मानलेल्या नाहीत. तरीही उसना विषय टाकून त्याच स्वरद्रव्यातून त्याने स्वदेशाची नदी घडविली, ही गोष्ट ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची ठरते.

आयुष्याच्या अखेरीस तो पुन्हा याच विषयाकडे वळला. ‘ग्रीन मॅन्शन्स’ (१९५९) या चित्रपटासाठी त्याने लिहिलेल्या संगीताचा चित्रपटात अल्पच उपयोग झाला. त्या सामग्रीतून त्याने ‘फ्लोरेस्ता दो आमाझोनास’ ही सोप्रानो गायिका, पुरुषांचे समूहगान व वाद्यवृंद यांसाठी दीर्घ रचना सिद्ध केली.

पुढील पिढीतील प्रयत्न निराळ्या वळणाचा आहे. बेलो ओरिझोंते येथील ‘ग्रूपो कोर्पो’ या नृत्यसंस्थेसाठी अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास (जन्म १९३७) याने संगीत लिहिले. त्यावर रॉद्रिगो पेदेर्नेइरास याने १९९४ मध्ये ‘सात किंवा आठ तुकडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा बॅले बसविला. त्यात कथानक नव्हते. हे संगीत ‘उआक्ती’ (१९७८–२०१५) या वादकसमूहाने प्लॅस्टिकच्या नळ्या, काच, लाकूड इत्यादींपासून स्वतः बनविलेल्या वाद्यांवर वाजविले. १९९९ मध्ये ते ‘आग्वास दा आमाझोनिया’ या नावाने ध्वनिमुद्रित स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि त्यातील भागांना नीग्रो, मादेइरा, तापाजोस, शिंगू इ. नद्यांची नावे मिळाली. येथे कथा वा पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण नाही. लहान स्वरवाक्यांच्या अखंड पुनरावृत्तीतून प्रवाहाचा प्रत्यय येतो.

व्हीला-लोबोसने जुन्या स्वरांना अरण्याची कथा दिली, तर ग्लास-उआक्तीच्या कृतीत अमूर्त नृत्यसंगीतास नद्यांची नावे लाभली. दोन्ही ठिकाणी संगीत आधी व नदी नंतर आली. पण ती आल्यावर श्रोत्यांस ते संगीत तिच्यापासून वेगळे करता येईनासे झाले.