तबकडीवरून झालेली फाळणी : फ्रान्समधील जॅझ रसिकांचे युद्ध

१/ फेब्रुवारी १९४८. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवात लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवत होता. त्याच महिन्यात पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात डिझी गिलेस्पीचा मोठा वाद्यवृंद वाजला. दोघेही अमेरिकी कृष्णवर्णीय, दोघेही ट्रम्पेटवादक. मात्र या कार्यक्रमांमागे उभ्या असलेल्या दोन माणसांनी, ह्यूग पानासिए आणि शार्ल दलोने यांनी, काही महिन्यांपूर्वीच एकमेकांशी संबंध तोडले होते.

२/ हे दोघे फ्रान्समधील जॅझ चळवळीचे आधारस्तंभ. दोघांपैकी कोणीही व्यावसायिक वादक नव्हता. दोघेही श्रोते होते, संग्राहक होते, आणि आपली मते छापून प्रसिद्ध करत होते. श्रोत्यांच्या आवडीनिवडीवरून एक राष्ट्रीय संघटना दुभंगली कशी, याचे उत्तर संगीतापेक्षा तबकडीच्या इतिहासात अधिक सापडते. त्याचाच हा धागा.

३/ १९३२ साली पॅरिसमध्ये काही तरुणांच्या पुढाकाराने ‘हॉट क्लब द फ्रान्स’ स्थापन झाला. जॅझची जन्मभूमी अटलांटिकपलीकडे. तिथले वादक क्वचितच युरोपात येत. त्यामुळे या रसिकांचे जॅझ म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांचा राग ज्या मर्यादेत बसवावा लागला, तीच ही मर्यादा.

४/ क्लबचा अध्यक्ष ह्यूग पानासिए, जन्म १९१२. लहानपणी पोलिओने एक पाय अधू झाला आणि संगीत हेच त्याचे जग बनले. तो सॅक्सोफोन शिकला, पण त्याची खरी साधना ऐकण्याची. एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावून कोणता तुकडा कोणी वाजवला आहे, हे तो कानाने ओळखू पाही. १९३४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचे ‘ल जॅझ हॉट’ हे पुस्तक आले. जॅझवरील पहिल्या गंभीर ग्रंथांत त्याची गणना होते.

५/ या पुस्तकात एक मोठा दोष होता, आणि तो नंतर पानासिएनेच उघड केला. पुस्तकात श्वेतवर्णीय वादकांना अवाजवी महत्त्व मिळाले होते. कारण साधे होते : त्याच्या कानी प्रथम पडले ते श्वेतवर्णीय वादक. १९४२ च्या ‘द रिअल जॅझ’ या पुढील पुस्तकात त्याने ही चूक मान्य केली आणि कृष्णवर्णीय वादकांना अग्रस्थान दिले. दुकानात कोणती तबकडी पोहोचते, यावर इतिहास कसा बेतला जातो, याचा हा पहिला धडा.

६/ दुसरा नायक शार्ल दलोने, जन्म १९११. रॉबेर आणि सोनिया दलोने या विख्यात चित्रकार दांपत्याचा हा पुत्र. तो स्वतःही रेखाटने करी. पण त्याची ख्याती झाली ती एका वेगळ्याच कामामुळे. १९३६ साली त्याने ‘हॉट डिस्कोग्राफी’ नावाची सूची प्रसिद्ध केली. कोणते ध्वनिमुद्रण केव्हा झाले आणि त्यात कोण कोण वाजवत होते, याची ती नोंदवही.

७/ या नोंदवहीचे मोल समजण्यासाठी त्या काळातील तबकडीचे लेबल डोळ्यांसमोर आणावे. त्यावर बहुधा वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव असे, बाकीचे वादक अनामिक. ज्याच्या आठ मात्रांच्या तुकड्यासाठी रसिक वेडे होत, त्याचे नाव कुठेच नसे. वादकांना विचारून, पत्रे लिहून, कानाने पडताळून ही नावे गोळा करणे म्हणजे त्या अनामिकांना त्यांचे श्रेय परत देणे होते.

८/ या दोघांच्या काळात क्लबने बरेच काही उभे केले. डिसेंबर १९३४ मध्ये जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांच्या तंतुवाद्य पंचकाची पहिली जाहीर मैफल झाली. १९३५ मध्ये ‘जॅझ हॉट’ हे नियतकालिक निघाले. १९३७ मध्ये खास जॅझसाठी ‘स्विंग’ हे लेबल सुरू झाले. त्याच्या पहिल्याच ध्वनिमुद्रणात कोलमन हॉकिन्स आणि बेनी कार्टर यांच्यासोबत जँगो वाजवताना ऐकू येतो.

९/ १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि पुढे अमेरिकेतून येणाऱ्या तबकड्या बंद झाल्या. नवल असे की या काळात फ्रान्समध्ये जॅझची लोकप्रियता उलट वाढली. अमेरिकी गीते फ्रेंच नावांखाली वाजू लागली. जँगोची ‘न्यूआज’ ही रचना याच काळात घरोघरी पोहोचली. परंतु हे सारे युद्धापूर्वीच्या शिदोरीवर चालले होते. नवे काहीही कानी पडत नव्हते.

१०/ र्‍यू शाप्ताल या रस्त्यावरील क्लबची कचेरी याच काळात प्रतिकार चळवळीच्या कामाला येऊ लागली. १९४३ मध्ये जर्मन पोलिसांनी दलोनेला अटक केली. पुढे त्याची सुटका झाली, पण त्याचे काही सहकारी परतले नाहीत. त्याच वर्षी त्याच्या डिस्कोग्राफीची नवी आवृत्तीही निघाली. पानासिए या काळात पॅरिसपासून दूर, दक्षिण फ्रान्समध्ये राहत होता.

११/ या वेळी अमेरिकेत काय घडत होते? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘मिंटन्स प्लेहाउस’ नावाची जागा होती. नोकरीचे वादन आटोपून वादक रात्री तिथे जमत आणि स्वतःसाठी वाजवत. थेलोनिअस मंक आणि केनी क्लार्क तिथले नेहमीचे वादक. जेरी न्यूमन हा विद्यार्थी १९४१ मध्ये आपले यंत्र घेऊन तिथे गेला. त्याने मुद्रित केलेले गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे वादन म्हणजे या मंथनाची एक दुर्मीळ साक्ष.

१२/ दुर्मीळ असण्याचे कारण पुढच्याच वर्षी घडले. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकी वादकांच्या संघटनेने व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्या आणि ज्यूकबॉक्स यांमुळे प्रत्यक्ष वादकांची रोजी बुडते, म्हणून त्यांना मोबदला हवा होता. त्यातच तबकडीसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातून येई, आणि युद्धामुळे तिचीही टंचाई झाली. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये समझोता केला. व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या.

१३/ बहिष्काराची ही वर्षे म्हणजेच नव्या जॅझच्या घडणीची वर्षे. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र वाजवत होते. त्या वाद्यवृंदाची एकही व्यापारी तबकडी निघाली नाही. जुन्या शैलीतून नवी शैली पायरीपायरीने कशी उमलली, हे हार्लेममधील श्रोत्याने ऐकले. तबकडीवर विसंबणाऱ्याला त्या पायऱ्या दिसल्याच नाहीत.

१४/ मे १९४५ मध्ये पार्कर आणि गिलेस्पी यांनी ‘गिल्ड’ या छोट्या लेबलसाठी ‘हॉट हाउस’, ‘सॉल्ट पीनट्स’ आदी रचना मुद्रित केल्या. या शैलीला ‘बीबॉप’ हे नाव मिळाले. लय विलक्षण द्रुत, स्वरवाक्ये तुटक आणि अनपेक्षित ठिकाणी थांबणारी. जुन्या लोकप्रिय गीताची स्वरसंगती तशीच ठेवून तिच्यावर सर्वस्वी नवी धून रचायची, ही या वादकांची आवडती रीत. ‘हॉट हाउस’ अशीच घडली आहे.

१५/ युद्ध संपल्यावर या तबकड्या पॅरिसला पोहोचल्या. ज्यांनी शेवटची अमेरिकी तबकडी युद्धापूर्वी ऐकली होती, त्यांच्या कानांवर हे थेट येऊन आदळले. दलोने हरखून गेला. पॅरिसच्या कॉन्झर्वातोअरमध्ये शिकलेला तरुण संगीतकार आंद्रे ओदेर याने १९४६ मध्ये ‘जॅझ हॉट’मध्ये या शैलीचे विश्लेषण करणारा लेख लिहिला. जॅझच्या नवजीवनाची ही चाहूल असावी, असा त्याचा सूर होता.

१६/ पानासिएचा निर्णय उलटा झाला : हे जॅझच नव्हे. त्याच्या मते जॅझचा प्राण स्विंग आणि ब्लूज यांत होता, आणि नव्या वादकांनी तो गमावला होता. या भूमिकेत एक पेच दडलेला होता. कृष्णवर्णीय वादकाची थोरवी त्याच्या सहज, न शिकलेल्या उर्मीत आहे, असे पानासिए मानी. हार्मनीचा बारकाईने अभ्यास करणारे गिलेस्पी आणि पार्कर त्या चौकटीत बसत नव्हते. ज्यांच्या बाजूने तो उभा होता, त्यांनी किती शिकावे हेही तोच ठरवू पाहत होता.

१७/ दुसरी बाजूही निर्दोष नव्हती. ओदेरची मोजपट्टी बरीचशी युरोपीय अभिजात संगीताची होती. रचनेची शिस्त आणि स्वरसंगतीची गुंतागुंत यांवर तो भर देई. एकाने जॅझला निसर्गाच्या कुशीत ठेवले, दुसऱ्याने संगीतशाळेच्या वर्गात नेले. वादक स्वतःविषयी काय म्हणतात, याकडे दोन्ही छावण्यांचे लक्ष बेताचेच होते.

१८/ १९४७ मध्ये संघटना फुटली. पानासिएने हॉट क्लब द फ्रान्स राखला. दलोनेकडे ‘जॅझ हॉट’ राहिले. गावोगावच्या शाखांना बाजू निवडावी लागली. जुन्यांना ‘बुरसटलेली अंजिरे’ हे अमेरिकेतून आलेले नाव चिकटले, तर नव्यांना उत्तरादाखल ‘आंबट द्राक्षे’ म्हटले गेले. लेखक आणि ट्रम्पेटवादक बोरिस व्हियाँ ‘जॅझ हॉट’मधील आपल्या सदरात पानासिएची मनसोक्त टर उडवी.

१९/ ‘बुरसटलेल्या अंजिरां’चे अमेरिकी भाऊबंद याच सुमारास वेगळ्या शोधात होते. तबकडीयुग सुरू होण्यापूर्वीचे जॅझ कसे होते? त्यांना लुईझियानात बंक जॉन्सन हा वृद्ध ट्रम्पेटवादक सापडला. दात पडल्याने त्याचे वादन बंद होते. त्याला नवे दात बसवून दिले गेले, नवे ट्रम्पेट मिळाले. १९४२ मध्ये त्याची पहिली तबकडी मुद्रित झाली आणि रसिकांना आपला आदिपुरुष लाभला.

२०/ बंकने मात्र आपले वय वाढवून सांगितले होते, जेणेकरून दंतकथा बनलेल्या बडी बोल्डनसोबत वाजवल्याचा त्याचा दावा जुळावा. शिवाय त्याला चालू काळातील लोकप्रिय नृत्यगीतेही वाजवायची होती. १९४७ च्या आपल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात त्याने तशी गीते घेतली. चाहत्यांना हवा होता भूतकाळाचा अवशेष. बंकला हवे होते काम.

२१/ मतांची कसोटी घेणारा एक प्रयोग याच काळात रूढ झाला. समीक्षक लेनर्ड फेदर १९४६ पासून वादकांना नाव न सांगता तबकड्या ऐकवी आणि त्यांचे अभिप्राय छापी. १९५१ मध्ये थोर कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याने पैज लावली की, वादक श्वेत की कृष्ण हे तो ऐकून ओळखेल. तो बहुतांश वेळा चुकला. श्वेतवर्णीयांच्या वाद्यवृंदांसोबत फिरताना वर्णभेदाचे चटके सोसलेल्या माणसाचे हे मत होते, म्हणून त्याचे चुकणे अधिक बोलके ठरते.

२२/ मे १९४९ मध्ये दलोनेने पॅरिसमध्ये मोठा जॅझ महोत्सव भरवला. एकाच कार्यक्रमपत्रिकेत चार्ली पार्कर, तेवीस वर्षांच्या उंबरठ्यावरचा माइल्स डेव्हिस आणि न्यू ऑर्लिन्सचा जुना सिडनी बेशे. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचे देव एकाच सभागृहात वाजवून गेले. बेशेला फ्रान्सने इतके प्रेम दिले की तो पुढे तिथेच स्थायिक झाला.

२३/ वादकांतही चकमकी झाल्या होत्या. आर्मस्ट्राँगने बीबॉपवर उघड टीका केली, गिलेस्पीनेही त्याला बोल लावले. पण १९५९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर दोघे एकत्र गायले-वाजवले, आणि आपल्या साऱ्या कलेचे मूळ आर्मस्ट्राँगमध्ये आहे, हे गिलेस्पीने पुढे मोकळेपणाने मान्य केले. तबकड्यांतून गळालेल्या पायऱ्या वादकांच्या अंगी होत्याच.

२४/ पानासिए १९७४ मध्ये वारला. अखेरपर्यंत त्याचे मत बदलले नाही. श्वेतवर्णीय वादकांविषयीची चूक सुधारणारा माणूस दुसऱ्यांदा तसे करू शकला नाही. पहिल्या वेळी त्याला न ऐकलेल्या तबकड्या मिळाल्या आणि मत वळले. दुसऱ्या वेळी जे हुकले होते, ते कोणत्याच दुकानात विकत मिळणार नव्हते.

२५/ दलोने १९८८ मध्ये निवर्तला. ‘खरे जॅझ कोणते’ या वादातील त्याचे लेख आज क्वचित कोणी उघडते. १९३६ साली त्याने आखून दिलेली पद्धत मात्र जगभर रूढ झाली. आज जॅझचे जुने ध्वनिमुद्रण ऐकताना दिनांक आणि सर्व वादकांची नावे समोर येतात, त्यामागे एका रसिकाची ही चिकाटी आहे.

#इतिहास #संगीत #जॅझ