पैशाचं शिक्षण कुठे मिळतं, शाळेत की जाणत्या माणसाकडे? शहापूर-मुरबाडच्या उदाहरणांतून समजून घ्या

‘शाळेत पैशाबद्दल काहीच शिकवत नाहीत’ हे वाक्य तुम्ही रील्समध्ये कितीतरी वेळा ऐकलं असेल. त्यापाठोपाठ बहुतेक वेळा एखादा ‘मेंटॉर’ येतो आणि कोर्सची लिंक देतो.

महाराष्ट्रापुरतं तरी हे वाक्य खरं नाही. राज्य मंडळाच्या सातवीच्या गणितात बँक आणि सरळव्याज आहे, आठवीत सूट, कमिशन आणि चक्रवाढव्याज आहे. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं पूर्ण प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, अगदी एसआयपीसुद्धा आहे.

मग हे शिकूनही माणूस कर्जात का अडकतो? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या प्रश्नाचं उत्तर बरंच स्पष्ट दिसतं.

इथे आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे काय?

या दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. कातकरी समाज केंद्र सरकारच्या यादीत ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी गटात येतो. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत, बाकीचे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

बऱ्याच कातकरी कुटुंबांचं वर्ष वीटभट्टीभोवती फिरतं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घ्यायची. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. भट्टीवर दर आठवड्याला जेवणखाणापुरती ‘खर्ची’ मिळते. मजुरी हजार विटांवर ठरते आणि हिशेब होतो तो थेट हंगामाच्या शेवटी.

शहरी रील्समध्ये ‘फायनान्शियल फ्रीडम’ म्हणजे चाळिशीत निवृत्ती. इथे त्याचा अर्थ पुढच्या पावसाळ्यात उचल न घेता घर चालणं, एवढाच आहे. माझ्या मते हीच व्याख्या जास्त प्रामाणिक आहे.

गणित येतं, पण वही कुणाची?

समजा एका जोडप्याने ३६,००० रुपये उचल घेतली. २४ आठवडे, दर आठवड्याला १,८०० रुपये खर्ची, म्हणजे ४३,२०० रुपये. एकूण घेतलेले झाले ७९,२००. दर हजार विटांना ७०० रुपये आणि त्यांनी १ लाख २० हजार विटा पाडल्या, तर मजुरी ८४,००० रुपये. हातात ४,८०० रुपये उरायला हवेत.

आता मुकादमाच्या वहीत ‘पावसाने खराब, तुटलेल्या’ म्हणून १० हजार विटा वजा झाल्या असं धरा. मजुरी ७७,००० वर येते आणि जोडपं २,२०० रुपये देणं लागतं. हे देणं पुढच्या हंगामात जातं आणि पुन्हा त्याच भट्टीवर जावं लागतं.

(हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. दर आणि उचल भट्टीगणिक बदलतात.)

हे गुणाकार-वजाबाकी चौथी शिकलेलं मूलही करेल. पण विटा रोज मोजून स्वतःच्या वहीत लिहायच्या, मुकादमाशी आठवड्याला ताळा करायचा आणि तफावत दिसली की तिथेच विचारायचं, हे कुठल्याच धड्यात नाही. कायद्याचंही तसंच. वेठबिगार पद्धती उच्चाटन अधिनियम १९७६ सालचा आहे. घेतलेल्या पैशाच्या बदल्यात माणसाला कामाशी जखडून ठेवलं असेल, तर त्या कायद्याने ते कर्जच रद्द होतं. सरळव्याजाच्या धड्यात हे सापडणार नाही, कुणीतरी सांगावंच लागतं.

आणि मुळात ‘अर्थनियोजन’ आहे दहावीत. आईवडिलांबरोबर भट्टीवर जाणाऱ्या मुलांपैकी अनेक जण तिथवर पोहोचतच नाहीत. म्हणून तर १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात थेट भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या. (भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची तात्पुरती झोपडी.) पुढे सरकारनेही स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृहं आणली.

फांगणेच्या आज्या

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना, आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची साथ. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी घेऊन बसलेल्या, हे फोटो तुम्ही पाहिले असतील. शिकवायला होती गावातलीच एक सून.

जगभर ही बातमी ‘किती गोड’ म्हणून फिरली. पण आज्यांनी सांगितलेल्या कारणांमध्ये एक अगदी व्यवहाराचं होतं: बँकेत अंगठा उठवावा लागतो, सही करता यायला हवी.

आणि ही शाळा म्हणायची की मार्गदर्शन? पाटी, मुळाक्षरं, युनिफॉर्म सगळं शाळेचं. पण शिकवणारी घरातली, वेळ आज्यांच्या सोयीची आणि परीक्षेची भीती नाही. ती चालली, याचं कारण मला या मिश्रणातच दिसतं.

गंमत अशी की पाटीवर घालवलेला अंगठा आता मशीनमधून परत आला आहे. गावात पैसे काढायचे तर मायक्रो एटीएमवर आधारचं बोट लावावं लागतं, मग तुम्ही पदवीधर असा नाहीतर निरक्षर. ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये असेच काढणाऱ्या बाया गावोगाव आहेत. ‘ठसा लागला नाही, परत लावा’ असं म्हटलं तर पहिल्या वेळी पैसे कापले गेले नाहीत ना, हे पाहायला पावती आणि मेसेज वाचता यायला हवा. म्हणजे पुन्हा अक्षरओळखच.

बचत गटातली ताई

मार्गदर्शक म्हटलं की सूटबूट डोळ्यांसमोर येतो. ग्रामीण भागात तो बहुधा बचत गटातल्या ताईच्या रूपात असतो. राज्याच्या ‘उमेद’ अभियानात गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आर्थिक साक्षरतेचं, बँकेचं, पशुपालनाचं काम दिलं जातं. गटाची पंचसूत्री साधी आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे.

यात मला सर्वात महत्त्वाचे वाटतात ते लेखे. गटाची वही सगळ्यांसमोर उघडते आणि मोठ्याने वाचली जाते. मुकादमाच्या वहीच्या हे बरोबर उलट आहे.

शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. कातकरी तरुण आधी कच्ची गुळवेल स्थानिक बाजारात विकत. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेतून ते वाळवण आणि पूड करण्याकडे वळले आणि औषध कंपन्यांपर्यंत पोहोचले. गुळवेल ओळखायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, ते ज्ञान घरचंच होतं. नवं शिकायचं होतं ते माल टिकवणं, प्रत राखणं आणि मोठ्या खरेदीदाराशी बोलणं. अशा गोष्टी सोबत काम करतच शिकता येतात.

‘शेकडा पाच’ म्हणजे किती?

मार्गदर्शन कितीही चांगलं असलं तरी टक्केवारी आली नाही तर फसगत ठरलेली. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तेव्हा ते बहुधा महिन्याचं व्याज असतं, म्हणजे वर्षाला ६० टक्के.

‘फ्लॅट १२ टक्के’ हाही असाच फसवा आकडा. १०,००० रुपयांवर वर्षाचे १,२०० व्याज धरून १२ समान हप्ते पाडले, तर खरा दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलेलं असतं.

मार्गदर्शक निवडताना

एकच गोष्ट आधी पाहा: तुमच्या निर्णयातून त्याला पैसे मिळतात का? विमा विकणारा, कोर्स विकणारा, कर्ज मिळवून देणारा, यांच्याकडून माहिती जरूर घ्या, पण त्यांना गुरू करू नका. उचल देणारा मुकादमही स्वतःला हितचिंतकच म्हणवतो. दुसरं, तो तुम्हाला स्वतःचा हिशेब स्वतः लिहायला लावतो का? ‘माझ्यावर सोडा’ म्हणणारा तुम्हाला काही शिकवत नसतो.

अडचण आली तर कुठे जायचं?

सावकाराकडे परवाना नसेल किंवा तो पावती देत नसेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ तिथे लागू होतो. भट्टीवर जबरदस्तीने अडवून ठेवलं असेल तर तहसीलदार किंवा प्रांताधिकारी. बँक किंवा फायनान्स कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा क्रमांक १४४४८. आणि अंगठ्याने किंवा ओटीपीने पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.