रजिस्टर लग्नाची कुळकथा

दोन धर्मांच्या माणसांनी रजिस्टर लग्न केलं की कुणीतरी म्हणतंच, 'ना सप्तपदी, ना निकाह; नुसत्या सह्यांवर किती टिकणार?' या लग्नाचं कूळ पाहिलं तर हा संशय फार अन्यायाचा वाटतो.

मूळ बंगालात आहे. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांनी जुने विधी टाकून लग्नं लावली आणि ती कायद्यानं ग्राह्य आहेत का, असा प्रश्न उभा राहिला. बरीच वर्षं वाद चालला. अखेर अशा लग्नांसाठी १८७२ सालचा तिसरा कायदा आला. हिंदू-मुसलमान जोडप्याला त्यातून वाट मिळाली, पण कठोर किंमत देऊन. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुणीच नाही, असं दोघांना लिहून द्यावं लागे. श्रद्धा असलेल्या माणसाला लग्नाच्या दिवशीच खोटं बोलायला लावणारी ही अट होती.

मात्र त्याच कायद्यात दुसरंही एक कलम होतं. हिंदू किंवा मुसलमान नवऱ्यानं दुसरी बायको केली तर तेव्हा गुन्हा होत नसे. या कायद्याखाली लग्न केलेल्यानं जोडीदार हयात असताना पुन्हा लग्न केलं, तर दंडविधानाचं ४९४ कलम लागे, म्हणजे सात वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्याचा धर्म कोणता, हे बघितलंच जाणार नव्हतं. धर्म बदलून बायकोला दिलेला शब्द मोडण्याची पळवाट तिथेच बंद झाली.

धर्म नाकारण्याची अट टप्प्याटप्प्यानं गेली. नागपुरात वकिली केलेल्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानं १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत ती माफ झाली. हिंदू-मुसलमान जोडप्याला थेट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. आता तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं तोंडानं म्हणणं एवढं पुरतं. तीस दिवसांची ती जाहीर नोटीस आजही अनेकांना धाक दाखवायला वापरली जाते, ती जायला हवी.

एकनिष्ठेचं कलम मात्र कायम राहिलं. घटस्फोटाच्या नियमांतही तोच विचार दिसतो. हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धर्मांतर केलं तर घटस्फोट मागता येतो. विशेष विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहे, धर्मांतर नाही.