जाळ्यात सापडलेल्या कासवांवरील उपचार

कासव समुद्रातील असो वा नदीतील, श्वासासाठी त्याला पाण्याबाहेर डोके काढावेच लागते. कारण त्याला कल्ले नसून फुफ्फुसे असतात. शांतपणे बुडी मारलेले कासव बराच काळ पाण्याखाली राहू शकते. जाळ्यात अडकल्यावर मात्र सुटकेच्या धडपडीत प्राणवायू झपाट्याने संपतो, रक्तात लॅक्टिक आम्ल साठते आणि ते निपचित पडते. मेले असे समजून त्याला पुन्हा पाण्यात टाकले, तर ते खरोखरच बुडून मरते.

सातारा व सांगली जिल्ह्यांना समुद्र नसला तरी हा प्रश्न तेथे परका नाही. कृष्णेच्या खोऱ्यात मऊ पाठीची कासवे आहेत. त्यांपैकी लीथचे कासव जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त मानले जाते. नदीत लावलेल्या जाळ्यांत अडकणाऱ्या या कासवांना प्रथमोपचाराची तीच तत्त्वे लागू पडतात, जी कोकण किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेसाठी जगभर मान्य आहेत.

जाळे ओढून न काढता कापावे. निपचित कासव पोटावर ठेवून त्याची मागची बाजू साधारण १५ सेंटिमीटर उंच करावी, म्हणजे फुफ्फुसांतील पाणी तोंडावाटे निथळते. त्याला उताणे ठेवणे घातक असते. फुफ्फुसे पाठीच्या कवचालगत असल्याने पोटातील अवयवांचा भार त्यांवर येतो. अंगावर ओले फडके आणि वर सावली असावी. पाण्याच्या टबात मात्र ठेवू नये. डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून अधूनमधून प्रतिसाद पाहावा. शुद्धीवर येण्यास चार तासांपासून चोवीस तासही लागू शकतात. शरीर ताठरलेले वा कुजू लागलेले नसेल, तर प्राणी जिवंत आहे असेच धरून चालावे. मऊ पाठीचे कासव उचलताना हात कवचाच्या मागील भागाशी ठेवावेत; त्याची मान अनपेक्षित लांब असते आणि चावा जबर!

पशुवैद्यकाला येथे गाई-म्हशींच्या उपचारांतील अनेक सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि सर्वसाधारण पशुवैद्यकाच्या वाट्याला कासव क्वचितच येते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा चयापचय मंद असतो. समुद्री कासवांना सेफ्टाझिडीमसारखे प्रतिजैविक सुमारे ७२ तासांच्या अंतराने पुरते. रोज देण्याची गरज नसते. श्वासनलिकेची कडी पूर्ण वर्तुळाकार असल्याने कृत्रिम श्वासासाठी फुगा नसलेली नळी वापरणे सुरक्षित ठरते. रक्त मानेच्या वरच्या बाजूने घेतात. क्ष-किरण तपासणीत गिळलेला गळ आणि फुफ्फुसांची अवस्था दिसते. दोरीने करकचलेल्या पायाचा रक्तपुरवठा थांबून तो सडला असल्यास शस्त्रक्रियेने काढावा लागतो. असे तीन पायांचे कासवही समुद्रात जगू शकते.

बराच काळ असा समज होता की कासवांना पाणबुड्यांप्रमाणे रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा विकार होत नाही. स्पेनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये जाळ्यांतून आलेल्या लॉगरहेड कासवांत तो दाखवून दिला. त्यामुळे खोल पाण्यातून वर आलेले, वरकरणी चपळ दिसणारे कासवही काही तासांनी दगावू शकते. ‘हालचाल करते आहे, सोडून द्या’ हा सल्ला म्हणूनच नेहमी बरोबर नसतो.

महाराष्ट्रात डहाणू येथील केंद्रात जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. संरक्षित सागरी प्राण्याच्या सुटकेसाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये जाहीर केली. नदीकाठच्या मच्छीमारालाही जाळे तितकेच मोलाचे असते, हे येथे नमूद करावयास हवे. जखमी कासव घरी न ठेवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बरे झालेले कासव कोठे सोडावे, हा शेवटचा पण दुर्लक्षित भाग. पुण्यकर्म म्हणून नदीतील कासव विहिरीत, देवळाच्या तळ्यात, क्वचित समुद्रातही सोडले जाते. गोड्या पाण्यातील कासव खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. ते जेथे सापडले, त्याच पात्रात, जाळी नसलेल्या जागी, काठावर ठेवावे आणि त्याला स्वतःहून पाण्यात शिरू द्यावे.