ठिपक्याची किंमत

रायफलीला लावायला स्वस्तातली ‘रेड डॉट साइट’ कोणती घ्यावी, असं नेमबाजी शिकणारे तरुण हल्ली विचारतात. दुकानदाराकडे याचं उत्तर तयार असतं. मला विचाराल तर, वाचकहो, मी तुम्हाला आधी सव्वाशे वर्षं मागे नेईन. कारण स्वस्त काय नि महाग काय, हे या वस्तूचा इतिहासच चांगलं सांगतो.

नेम धरायची जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या खाचेत नळीच्या टोकावरची माशी बसवायची आणि त्या रेषेत निशाण आणायचं. ऐकायला सोपं, पण यात डोळ्याची मोठी पंचाईत होते. खाच डोळ्याजवळ, माशी हातभर पुढे, निशाण शंभर पावलांवर. वस्तू तीन, अंतरं तीन, आणि डोळ्याला एका वेळी लख्ख दिसणार ती एकच! त्यात चाळिशी लागली, की खाच आधी पुसट होते.

ही पंचाईत सोडवली ती एका दुर्बिणी करणाऱ्याने. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब हे वेधशाळांसाठी प्रचंड दुर्बिणी घडवणारे कारागीर. १९०० साली त्यांनी एका युक्तीचं पेटंट घेतलं. भिंगाच्या नाभीवर एखादी प्रकाशमान खूण ठेवली, की तिचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. डोळ्याला वाटतं, खूण पार क्षितिजापाशी आहे. समोर एक तिरपी काच धरा. तिच्यात ही खूण दिसते आणि तिच्या आरपार निशाणही दिसतं. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट! डोकं थोडं हललं तरी खूण निशाणावरून फारशी ढळत नाही. माशी गेली, खाचही गेली. उरला तो एक ठिपका.

मग ही युक्ती लगेच प्रत्येक रायफलीवर का बसली नाही? अडचण होती दिव्याची. उन्हात दिसेल एवढा प्रकाश द्यायचा, तोही मुठीएवढ्या डबीत आणि प्रत्येक गोळीचा दणका सोसून! विमानात मात्र वीज होती, जागाही होती. म्हणून १९१८ साली जर्मनांनी ही साइट आपल्या लढाऊ विमानांवर लावली, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्पिटफायरच्या वैमानिकासमोरही तसलीच काच होती. पायदळाचा शिपाई तेव्हाही माशी आणि खाच यांच्याशीच झगडत होता.

आता १९७० साल पहा. उत्तर व्हिएतनाममध्ये हनोईच्या पश्चिमेला सोन ताय इथे अमेरिकन युद्धकैद्यांची छावणी होती. त्यांना सोडवायला छप्पन जणांची तुकडी फ्लोरिडात सराव करीत होती. छापा रात्रीचा, आणि रात्री तर जवळचं निशाणही चुकत होतं. आदल्या वर्षी चंद्रावर माणूस उतरवलेल्या देशाच्या सैन्याकडे यावर तयार उपाय नव्हता! तो सापडला बाजारात. ‘सिंगलपॉइंट’ नावाची साइट, किंमत सुमारे पन्नास डॉलर. ती होती एक बंद नळी. तिच्यातून पलीकडचं काहीच दिसत नसे. एका डोळ्याला दिसे ठिपका, दुसऱ्या उघड्या डोळ्याला निशाण, आणि दोन्हींची सांगड घाली आपला मेंदू. ती स्वस्त होती, कारण अर्धं काम माणसाचंच डोकं करीत होतं.

२१ नोव्हेंबरला छापा पडला. तुकडीतला एकही माणूस मारला गेला नाही. पण छावणीत कैदीच नव्हते. जुलैमध्येच त्यांना दुसरीकडे हलवलं होतं. साइटने आपलं काम चोख केलं होतं. नळी कुठे रोखली आहे, एवढंच ती सांगते. आपण शोधतो ते तिथे आहे की नाही, हे तिला कुठून कळणार?

पुढे १९७५ साली स्वीडनमधल्या एमपॉइंट कंपनीने ठिपक्यासाठी इवलासा डायोड वापरून साइट बाजारात आणली, आणि दिव्याचा प्रश्न मिटला. आता बॅटरीचा उभा राहिला. तो सुटायला पंचवीस वर्षं लागली. २००० च्या सुमारास दहा हजार तास, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, एकाच बॅटरीवर चालणाऱ्या साइट निघाल्या. मूळ कल्पनेचं पेटंट केव्हाच संपलेलं. ठिपका कुणालाही करता येऊ लागला, आणि किमती कोसळल्या.

तेव्हा ठिपका स्वस्तच आहे. महाग आहे तो ठिपका जागेवर राहणं. आणि जास्त पैसे मोजले म्हणजे तो राहीलच, असंही नाही. एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या महागड्या होलोग्राफिक साइट कडक थंडीत आणि उष्णतेत नेम बदलतात असं निघालं, आणि २०१५ साली तिला सरकारला अडीच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरून तडजोड करावी लागली.

म्हणून घेताना चार गोष्टी पहा. पहिली, दणका. पन्नास गोळ्या झाडल्यावर नेम होता तिथेच आहे का? स्प्रिंगच्या हवाई रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो. भल्याभल्या साइट त्याने खिळखिळ्या होतात. दुसरी, बॅटरी. सांगितलेले तास किती उजेडावरचे, ते विचारा; मंद ठिपक्याचे तास उन्हात उपयोगी नाहीत. तिसरी, ठिपक्याचा आकार. तो कोनाच्या मिनिटांत सांगतात. एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर. चार मिनिटांचा ठिपका तिथे साडेअकरा सेंटीमीटर झाकणार! जवळच्या झटपट नेमाला मोठा, लांबच्याला लहान. चौथी, तुमचा डोळा. दृष्टिवैषम्य असलेल्याला ठिपका गोल न दिसता फराटा किंवा चांदणी दिसते. म्हणून स्वतः डोळा लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. या चार कसोट्यांना उतरणाऱ्यांत जी सर्वांत स्वस्त, ती घ्या. शिक्क्याचे वेगळे पैसे देण्याचं कारण नाही.

आणि एक आठवण ठेवा. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत लाल ठिपक्याला मुळी परवानगीच नसते. मागच्या चकतीतलं बारीक भोक आणि पुढचं कडं, एवढ्यावर तो नेम होता. बाकी सगळं श्वासाचं, बोटाचं आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचं.

तेव्हा साइटवर चार पैसे वाचले, तर ते गोळ्यांवर खर्च करा.