पिकअप वाहनाची मागील काच उघडी ठेवून वाहन चालवणे

पिकअप वाहनाची मागील काच उघडी ठेवून वाहन चालवणे ही छोट्या मालवाहू वाहनांच्या चालकांमध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, आढळणारी सवय आहे. केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधील खिडकी उघडली की वारा खेळता राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. वाहन धावत असताना या खिडकीतून केबिनमध्ये येणारी हवा मात्र बहुधा समोरची स्वच्छ हवा नसून वाहनाच्या पाठीमागची असते. तिच्याबरोबर धूळ आणि सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर आत येऊ शकतो. हौद्यावर ताडपत्री बांधलेली असल्यास हा धोका वाढतो आणि त्याची सर्वाधिक झळ ताडपत्रीखाली बसलेल्या माणसांना पोहोचते.

वाहन व खिडकीची रचना

पिकअप म्हणजे पुढे बंदिस्त केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशा वाहनांना सरसकट ‘टेम्पो’ किंवा ‘पिकअप’ म्हटले जाते. ‘टेम्पो’ हे मूळचे एका जर्मन वाहननिर्मात्याचे व्यापारी नाव असून, पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या वाहनांमुळे ते मराठीत सामान्यनाम म्हणून रूढ झाले. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाते. महिंद्रा कंपनीची बोलेरो पिकअपही ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

केबिनच्या मागील भिंतीतील काच मुख्यतः हौद्यातील मालावर लक्ष ठेवण्यासाठी असते. काही वाहनांत ती कायमची बसवलेली, तर काहींत सरकती असते. फुटलेली काच न बदलता नुसत्या जाळीवर वाहन चालवले जाते, तेव्हाही परिणाम उघड्या खिडकीसारखाच होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० वाहनांच्या काचांविषयी असून त्यानुसार काचा सुरक्षा-काचेच्या असाव्या लागतात. माल पुढे सरकल्यास काच व तिच्यामागील जाळी चालकाचे काही प्रमाणात रक्षण करतात. खिडकी उघडी असल्यास लोखंडी सळ्या, बांबू किंवा पाण्याचे पाइप अचानक ब्रेक लागताच केबिनमध्ये घुसू शकतात.

हवेचा प्रवाह

वाहन पुढे जात असताना हवा केबिनच्या टपावरून मागे वाहते. टपाच्या मागील कडेशी ती पृष्ठभागापासून सुटते आणि हौद्याच्या जागेत कमी दाबाचे, भोवऱ्यासारखे फिरणारे क्षेत्र तयार होते. या भोवऱ्यातील काही हवा फाळक्याकडून उलट फिरून पुन्हा केबिनच्या मागील भिंतीकडे येते. वाहनाच्या पाठीमागेही असेच कमी दाबाचे क्षेत्र असते. चाकांनी उडवलेली धूळ आणि सायलेन्सरचा धूर त्यात काही काळ घोटाळत राहतो. कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाचा फाळका पुढच्या भागापेक्षा अधिक धुळीने माखतो, त्याचे कारण हेच आहे.

मागील खिडकीतून हवा आत येणार की बाहेर जाणार, हे केबिनमधील दाबावर अवलंबून असते. बाजूच्या खिडक्यांजवळून हवा वेगाने वाहत असल्यामुळे तेथे दाब कमी होतो आणि केबिनमधील हवा त्या वाटेने बाहेर खेचली जाते. समोरचे वायुमार्ग बंद असतील, तर तिची जागा मागील खिडकीतून येणारी हवा घेते. याउलट समोरचे वायुमार्ग उघडे आणि पंखा सुरू असल्यास केबिनमधील दाब किंचित वाढतो व हवा मागील खिडकीतून बाहेर पडू लागते. खिडकीच्या कडेला हलका दोरा चिकटवल्यास सोबत बसलेल्या व्यक्तीला प्रवाहाची दिशा सहज दिसते.

ताडपत्रीचा परिणाम

हौद्यावर कमानी उभारून ताडपत्री बांधली आणि मागची बाजू उघडी ठेवली, की हौदा एका बोगद्यासारखा होतो. वाहनामागचा धूर आणि धूळ त्या उघड्या तोंडातून आत येतात, पण त्यांना बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसते. अशा वेळी केबिनची मागील खिडकी उघडी असेल, तर हौदा आणि केबिन ही एकच खोली बनते. वाहन उभे असताना इंजिन चालू ठेवल्यास आणि वारा मागून वाहत असल्यासही धूर आत साचू शकतो.

आरोग्यावरील परिणाम

इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्टपणे जोडला जातो. त्यामुळे शरीरातील पेशींना प्राणवायू कमी पडतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा व झोप येणे ही त्याची आरंभीची लक्षणे होत. ती ‘गाडी लागण्या’सारखीच असल्याने त्यांकडे दुर्लक्ष होते. बोटाला लावण्याच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. त्यामुळे विषबाधा झालेली असतानाही त्यावरील आकडा समाधानकारक दिसू शकतो.

डिझेल इंजिनातून पेट्रोल इंजिनाच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइड कमी बाहेर पडतो, परंतु डिझेलच्या धुरात सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. धुराचा वास आला नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

१९९२ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिक ‘जामा’मध्ये पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करणाऱ्या मुलांना झालेल्या विषबाधेच्या २० घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १७ घटनांत मुले हौद्यावरील टणक आच्छादनाखाली, तर ३ घटनांत ताडपत्रीखाली बसली होती. १५ मुलांची शुद्ध हरपली होती आणि एका मुलाचा मृत्यू झाला. या सर्व वाहनांत एक तर सायलेन्सरच्या नळीत आधीपासून ठाऊक असलेली गळती होती, किंवा नळीचे तोंड बाजूला नसून मागे होते.

जळकोट परिसरातील संदर्भ

जळकोट हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. सोयाबीन, तूर आदी शेतमाल उदगीर व लातूरच्या बाजारपेठांत नेण्यासाठी येथे पिकअपचा वापर होतो. देवणी व लाल कंधारी या गोवंशांचा हा प्रदेश असल्याने जनावरांची ने-आणही अशाच वाहनांतून होते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वातानुकूलन नसलेल्या केबिनमध्ये इंजिनाच्या उष्णतेची भर पडते, म्हणून चालक मिळेल ती खिडकी उघडतात. सोयाबीनच्या काढणीनंतर मळणीचा भुसा आणि कच्च्या रस्त्यांची धूळ यांमुळे मागून येणारी हवा अधिकच दूषित असते.

मराठवाड्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे, शेतमजूर आणि लग्नाची वऱ्हाडे अनेकदा मालवाहू वाहनांतून प्रवास करतात. थंडीत व पहाटे ताडपत्री सर्व बाजूंनी आवळून बांधली जाते आणि लहान मुले आत झोपी जातात. झोपलेल्या मुलाची गुंगी आणि विषबाधेची गुंगी यांतला फरक सहज लक्षात येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू वाहनाचा वापर प्रवासी वाहतुकीसाठी करता येत नाही. हौद्यात माणसे न बसवण्याचे कारण केवळ वाहन उलटण्याचा धोका एवढेच नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रतिबंध व प्रथमोपचार

धावत्या वाहनात मागील काच बंद ठेवावी. उकाड्यावर उपाय म्हणून समोरचे वायुमार्ग बाहेरच्या हवेसाठी उघडून पंखा सुरू करावा आणि गरजेनुसार बाजूच्या काचा खाली घ्याव्यात. काही कारणाने मागील काच उघडी ठेवावी लागल्यास समोरचे वायुमार्ग बंद ठेवू नयेत. फुटलेली काच व खिडकीभोवतीचे फाटलेले रबर वेळीच बदलावे.

सायलेन्सरची नळी, तिचे सांधे व गंजलेले भाग नियमितपणे तपासावेत. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र अर्थात पीयूसी देताना नळीच्या टोकाशी येणाऱ्या धुराची तपासणी होते. वाहनाखाली मध्येच असलेली गळती त्यातून आढळेलच असे नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकाच्या वाहनांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते, मात्र तिच्या आधीच गळती असल्यास धूर शुद्ध न होताच बाहेर पडतो.

एकाच वाहनातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवू लागल्यास विषबाधेची शंका घ्यावी. वाहन थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर येण्यास सुमारे ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ सुमारे ६० ते ९० मिनिटांवर येतो. म्हणून रुग्णाला बरे वाटू लागले तरी त्याला दवाखान्यात नेणे आवश्यक असते.